दूरदेशीची वारी

आषाढीच्या विशेष पानासाठी लिहावयाचे म्हटले की आम्हां कीर्तनकारांस विषयाची वानवा सहसा पडत नाही. चंद्रभागेचे वाळवंट, दिंड्यांची दाटी, पताकांचा फडफडाट, कळसाचे दर्शन हे सारे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो आणि वाचकही ते तितक्याच प्रेमाने वाचीत आले. यंदा मात्र आम्ही वाचकांस थोडे दूर नेणार आहोत. कथा फ्रान्स देशातील आहे, माणसे कॅथलिक पंथाची आहेत आणि क्षेत्राचे नाव शार्त्र आहे. पूर्वरंग जरा लांबेल. तेवढी मोकळीक बुवांस असतेच.

निमित्त असे घडले. एका गावी कीर्तन आटोपून आम्ही आरतीच्या ताटापाशी उभे होतो. एक वयस्कर गृहस्थ गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि मग जवळ येऊन म्हणाले, "बुवा, आमच्या घरी तीन पिढ्यांची वारी. मुलगा आता परदेशी असतो. नातवाला एकादशी कशाशी खातात तेही ठाऊक नाही. ज्या मुलखात शाळेत देव नाही, कचेरीत देव नाही, शेजारीपाजारी देव नाही, तेथे घरात तरी तो राहावा कसा?" कीर्तनकाराने जे उत्तर द्यावयाचे असते ते आम्ही दिले. ते ऐकून त्यांनी नमस्कार केला. पण समाधान त्यांचे झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. परतीच्या वाटेवर एसटीत बसलो असता आम्हांस २०२३ साली फ्रान्समध्ये पाहिलेली काही माणसे आठवली. या गृहस्थांचा प्रश्न त्या माणसांच्या घरी शंभराहून अधिक वर्षे मुक्कामास आहे.

आमची हयात शब्दांची साले काढण्यात गेली, तेव्हा आधी दोन शब्दांचा विचार करू. 'कॅथलिक' हा शब्द ग्रीक. त्याच्या पोटात 'होलोस' म्हणजे 'संपूर्ण' हा शब्द आहे, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा 'होलोस' आपल्या संस्कृत 'सर्व' शब्दाचा सख्खा भाऊ होय. कॅथलिक म्हणजे सार्वत्रिक, सर्वांचे. 'सेक्युलर' हा शब्द लॅटिन 'साएकुलुम'वरून आला. त्याचा अर्थ पिढी, युग. सेक्युलर म्हणजे जे या युगाचे, या लोकीचे, ते. गंमत अशी की मध्ययुगात मठात राहणाऱ्या संन्याशापासून वेगळा ओळखू यावा म्हणून गावात, लोकांत राहणाऱ्या धर्मगुरूलाच सेक्युलर म्हणत असत. फ्रेंच लोक आपल्या राज्यपद्धतीस आणखी निराळा शब्द वापरतात, 'लाइसिते'. तो ग्रीक 'लाओस' म्हणजे जनता या शब्दापासून निघाला. आपल्या 'लोक' शब्दाशी त्याचा ध्वनी जुळतो, म्हणून कोणी व्युत्पत्तीचे नाते जोडू नये. अर्थापुरते साम्य आहे इतकेच.

या लाइसितेची आपल्या धर्मनिरपेक्षतेशी गल्लत होता कामा नये. आपल्याकडे आषाढीच्या पहाटे राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही. फ्रान्समध्ये असे घडू शकत नाही. पॅरिसचे नोत्र दाम हे महामंदिर २०१९ च्या एप्रिलात जळाले आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी त्याचे दार पुन्हा उघडले. त्या वेळी राष्ट्राध्यक्षांचे भाषण मंदिराच्या आत नव्हे, बाहेर प्रांगणात व्हावे असे आधी ठरले होते. राज्याने देवळात भाषण करणे त्यांच्या मर्यादेत बसत नाही. ऐन वेळी वादळी पाऊस आला म्हणून भाषण आत घ्यावे लागले. पावसाने कायद्यास एवढी मुरड घातली, आणि त्याचीही चर्चा झाली!

आता थोडा इतिहास. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, याच नोत्र दाममध्ये बुद्धिदेवतेचा उत्सव मांडला गेला. त्याच वर्षी नवे पंचांग आले. सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा केला आणि रविवार हा वारच कालगणनेतून पुसून टाकला. पंचांग बदलणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. उद्या कोणी एकादशी ही तिथीच पंचांगातून काढून टाकली, तर उपवास कोणत्या दिवशी करावयाचा? खेड्यांतील फ्रेंच शेतकऱ्याने मात्र दहाव्या दिवशीची सरकारी सुटी मुकाट्याने घेतली आणि रविवारीही औताला हात लावला नाही. १८०६ च्या पहिल्या दिवशी ते पंचांग बुडाले. रविवार आजही आहे.

नेपोलियनने १८०१ साली पोपशी तह केला. त्या तहान्वये धर्मगुरूंस सरकारी वेतन मिळू लागले आणि बिशपांची नेमणूक सरकारच्या हाती गेली. हे शंभर वर्षे चालले. पुढे १८८२ साली शाळेचा कायदा झाला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि शाळेतून धर्मशिक्षण वगळले गेले. परंतु त्या कायद्यात एक बारीक तरतूद होती, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. रविवारखेरीज आठवड्यातील आणखी एक दिवस शाळेस सुटी द्यावी, म्हणजे ज्या आईबापांस आपल्या मुलांना धर्म शिकवावयाचा असेल त्यांनी तो शाळेबाहेर शिकवावा. तो दिवस पुढे गुरुवार ठरला. १९७२ साली त्याचा बुधवार झाला. राज्याने एवढेच म्हटले की हे काम आमचे नव्हे, तुमचे. घ्या हा एक दिवस. त्या एका दिवसाचे पुढे काय झाले, ते उत्तररंगात येईल.

९ डिसेंबर १९०५ रोजी शेवटचा दोर तुटला. प्रजासत्ताक कोणत्याही धर्मास मान्यता, वेतन वा अनुदान देणार नाही, असा कायदा झाला. दुसऱ्या वर्षी सरकारी अंमलदार देवळादेवळांतून भांड्याकुंड्यांची यादी करीत हिंडू लागले. ज्या पेटीत ख्रिस्तप्रसाद ठेवतात ती पवित्र पेटीसुद्धा उघडून पाहावी असा हुकूम निघाला, तेव्हा खेडूत दारे लावून आत बसले. उत्तरेकडील एका गावी झटापटीत एक माणूस मेला, मंत्रिमंडळ पडले, आणि क्लेमांसो या कट्टर धर्मविरोधी पुढाऱ्यानेच दिवे नि समया मोजण्यासाठी माणसाचा जीव घेणे बरे नव्हे, अशा अर्थाचे उद्गार काढून ती मोजदाद थांबविली. पोपने कायदा झिडकारला. परिणामी बिशपांचे वाडे गेले, धर्मगुरू तयार करणाऱ्या पाठशाळांच्या इमारती गेल्या, वेतन तर गेलेच. जुनी देवळे गावसभांच्या मालकीची आणि महामंदिरे राज्याच्या मालकीची झाली; पूजेअर्चेसाठी ती भाविकांच्या हाती राहिली, एवढेच.

या प्रकरणास आणखीही एक बाजू आहे. बिशप कोणी व्हावे हे ठरविण्याचा सरकारचा अधिकार त्याच कायद्याने संपला. ज्यांचे वेतन बंद झाले ते धर्मगुरू गावकऱ्यांच्या शिध्यावर जगू लागले, आणि गावास ते अधिक आपले वाटू लागले. आणि आज जुन्या देवळाचे छप्पर गळू लागले की ते दुरुस्त करण्याची काळजी, देव न मानणाऱ्या नगराध्यक्षालाही वाहावी लागते, कारण इमारत गावाची आहे! नोत्र दाम राज्याच्या मालकीचे, म्हणून त्याचा जीर्णोद्धार राज्याने केला. त्यासाठी दीडशे देशांतील सुमारे ३ लाख ४० हजार दात्यांनी जवळजवळ ८५ कोटी युरो दिले. १९०५ साली ज्यांची मने पोळली त्यांस हे कोणी सांगितले असते तर त्यांनी ते खरे मानले नसते.

तेव्हा कायद्याने देवळे ओस पडली असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हांस पटत नाही. १९०५ नंतरची साठ वर्षे फ्रान्समधील कॅथलिक घरांत जपमाळ होती, शुक्रवारी मांसवर्ज्य होते, बारा वर्षांच्या मुलामुलींचा श्रद्धाकथनाचा सोहळा होता. गळती लागली ती १९६५ च्या आगेमागे. गीयोम क्युशे या इतिहासकाराने २०१८ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि उतरणीची ती वेळ आकडेवारीने दाखविली. त्या वेळी नवा कायदा झाला नव्हता. शेतावरची माणसे शहरांत गेली, घरात दूरदर्शन आले, दारात मोटार आली आणि रविवार सहलीचा झाला. त्यातच धर्मपीठाने स्वतःच्या पुष्कळ रीती एकाच दशकात बदलल्या, आणि जी गोष्ट काल बंधनकारक होती ती आज ऐच्छिक झाली हे पाहून सामान्य माणसाने ती सोडून दिली. दर रविवारी देवळात जाणारे तेव्हा शेकडा वीस-पंचवीस होते. आज शेकडा पाचही नाहीत. आणि सर्वांत खोल जखम तर घरच्यांनीच केली. खुद्द बिशपांनी नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२१ च्या ऑक्टोबरात जो अहवाल दिला, त्यात १९५० पासून धर्मगुरूंच्या व मठवासीयांच्या हातून अत्याचार झालेल्या बालकांची संख्या सुमारे २ लाख १६ हजार असावी, असा अंदाज मांडला आहे. हा आकडा लिहिताना आमचा हात थबकला. ज्याच्या पायांवर मुलास घालावयाचे तोच असा निघाला, तर त्या आईने कोणत्या तोंडाने मुलास पुन्हा देवळात न्यावे? राज्याच्या अंमलदारांनी समया मोजल्या. घरभेद्यांनी विश्वासच लुटला.

येथे पूर्वरंग संपला. आता आख्यान लावू.

शार्ल पेगी नावाचा एक पुरुष १८७३ साली ऑर्लेआँ नगरीत जन्मास आला. बाप लवकरच वारला. आई खुर्च्यांच्या बैठकी गवताने विणून पोट भरीत असे. मुलगा सरकारी शाळेत शिकला, त्या शाळेच्या शिक्षकांवर त्याने जन्मभर प्रेम केले, हुशारीच्या बळावर पॅरिसला गेला आणि तेथे त्याने समाजवाद पत्करला. लहानपणीचा देव त्याने सोडून दिला. १९०० पासून तो एक नियतकालिक काढू लागला; पैसा नाही, कर्ज फार, आणि भांडणे त्याहून फार. १९०८ साली त्याने एका मित्रास हळूच सांगितले की आपली श्रद्धा परत आली आहे.

श्रद्धा आली, पण घर आड आले. पत्नी कट्टर प्रजासत्ताकवादी, धर्म न मानणाऱ्या घरातली. लग्न नोंदणी पद्धतीने झालेले. देवळात पुन्हा विवाह लावण्यास ती तयार नव्हती आणि मुलांच्या बाप्तिस्म्यासही तिचा नकार होता. देवळाच्या नियमाने असा विवाह विवाह ठरत नाही. म्हणून पेगीस ख्रिस्तप्रसाद घेता येईना. मित्रांतील धर्मनिष्ठ मंडळी त्यास बायकोवर जोर कर म्हणून सांगत. त्याने जोर केला नाही, तिला सोडले नाही आणि श्रद्धाही सोडली नाही. दाराबाहेर उभा राहून तो नामस्मरण करीत राहिला. पंढरीच्या वाचकांस दाराबाहेर उभ्या राहिलेल्या भक्ताची ओळख निराळी करून द्यावयास नको. नामदेव पायरीपाशीच्या समाधीपुढे आपण रोज वाकतो.

१९१२ साली मुलगा आजारी पडला. बापाने मरियामातेस नवस केला आणि जूनमध्ये तो पॅरिसजवळच्या आपल्या घरून शार्त्रला पायी निघाला. जाऊन येऊन १४४ किलोमीटर, तीन दिवस. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, चालण्याची सवय सुटलेली. वाटेत बोस नावाचे गव्हाचे सपाट मैदान लागते. आपल्या वऱ्हाडात जशी नजर अडत नाही तशी तेथेही अडत नाही. त्या मैदानात १७ किलोमीटरांवरूनच शार्त्रचे शिखर दिसू लागते. पेगीने पुढे सांगितले की शिखर दिसताच पायांचे दुखणे आपल्याला जाणवेनासे झाले. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा गेला. त्या मैदानावर आणि त्या वाटेवर त्याने काव्य रचले. ५ सप्टेंबर १९१४ रोजी, महायुद्धाच्या दुसऱ्याच महिन्यात, कपाळात गोळी लागून तो रणांगणी पडला.

ज्या बोस मैदानातून तो गेला तो मुलूख काही धर्मनिष्ठ नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. ब्रिटनी आणि वांदे हे प्रांत धर्मनिष्ठेसाठी प्रसिद्ध. बोसमधील संपन्न शेतकरी शे-दीडशे वर्षांपासूनच देवळास फारसा न जाणारा. म्हणजे क्षेत्र उभे, आणि भोवतालचा मुलूख उदासीन! त्या उदासीन गव्हातून एक कर्जबाजारी संपादक एकटा चालत गेला.

एकट्याची वाट एकट्याची राहिली नाही. १९३५ साली पॅरिसच्या विद्यापीठातील काही विद्यार्थी पेगीच्या पाऊलवाटेने निघाले आणि विद्यार्थ्यांची यात्रा सुरू झाली. युद्धानंतरच्या वर्षांत ती हजारोंची झाली. पुढे १९८३ पासून जुन्या लॅटिन विधीचा आग्रह धरणाऱ्या मंडळींची दुसरी यात्रा पेंटेकॉस्टच्या सणास निघू लागली. पेंटेकॉस्ट म्हणजे ईस्टरपासूनचा पन्नासावा दिवस; हा ग्रीक शब्दही आपल्या 'पञ्चाशत्'च्या कुळातला. तीन दिवसांत सुमारे १०० किलोमीटर चालावयाचे, रात्री तंबूत निजावयाचे. यात्रेकरूंच्या तुकड्या असतात. प्रत्येक तुकडीस एका संताचे नाव, पुढे निशाण आणि सोबत धर्मगुरू. कोणी पाप कबूल करू इच्छीत असेल तर धर्मगुरू चालता चालताच ते ऐकून घेतात. दिंडीशी हे साम्य आम्हांसच सुचले असे नाही. गी डेलरी नावाच्या फ्रेंच येशूसंघीय अभ्यासकाने पुण्यात राहून विठ्ठलसंप्रदायावर ग्रंथ लिहिला, तो १९६० साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. त्याआधी १९५६ साली त्याने केलेला तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद पॅरिसमध्ये निघाला. त्या देशाच्या भाषेत तुकोबा असे सत्तर वर्षे नांदत आहेत.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही पॅरिसला गेलो. तो तेथे नोकरीस आहे. आमचे सोवळे त्याने विमानतळावरच सैल करून घेतले. कांदा-लसणाचा प्रश्न तेवढा शेवटपर्यंत सुटला नाही. २९ मे रोजी, पेंटेकॉस्टच्या सोमवारी, आम्ही शार्त्रच्या महामंदिरासमोर उभे होतो. त्या वर्षी १६ हजार यात्रेकरू आले आणि संख्या वाढल्यामुळे संयोजकांस नावनोंदणी थांबवावी लागली. २०२५ साली ते १९ हजारांवर गेले. बहुतेक मुले विशी-पंचविशीची. धुळीने पाय माखलेले, आवाज बसलेले, कोणाच्या टाचेस पट्टी, कोणी मित्राच्या खांद्यावर भार टाकून लंगडत येत होता. पण निशाण खाली आले नव्हते. मंदिरात सारे मावत नव्हते, कित्येक बाहेरच गुडघे टेकून होते. आपल्या वसईचे मराठीभाषक कॅथलिक ज्यास 'मिस्सा' म्हणतात तो विधी आत लॅटिनमध्ये चालला होता. भाषा आम्हांस थोडीबहुत कळत होती. न कळणाऱ्यांचेही काही अडले आहे असे दिसले नाही. संस्कृत पुण्याहवाचनास बसलेल्या आपल्या यजमानासारखेच ते!

या यात्रेवर तेथे टीकाही होते. जुना विधी मर्यादेत ठेवावा अशी पोप फ्रान्सिस यांची २०२१ ची आज्ञा होती, आणि तीवरून वाद आहेत. त्यांच्यातील काहींना केवळ जुना विधी नव्हे, जुनी राजवटही हवी आहे, असे टीकाकार म्हणतात. आम्ही त्या वादात शिरत नाही. आम्ही पाहिले ते पाय.

दुसरीही एक गोष्ट घडत आहे. २०२५ च्या ईस्टरला फ्रान्समध्ये १०,३८४ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. आदल्या वर्षी ही संख्या ७,१३५ होती. ज्यांच्या आईबापांनी त्यांस काही दिले नव्हते अशी ही माणसे स्वतः होऊन आली. परंतु एवढ्यावरून पूर आला असे कोणी समजू नये. पाळण्यातल्या बालकांचे बाप्तिस्मे त्याच वेळी वर्षानुवर्षे घटत आहेत, आणि धर्मगुरू तर इतके थोडे उरले आहेत की आफ्रिकेतून, आपल्या भारतातूनही, तेथे धर्मगुरू जातात.

यात्रा पाहून झाल्यावर पुतण्याच्या एका सहकाऱ्याच्या मातोश्रींकडे आम्ही दोन दिवस राहिलो. बोसमधलेच लहान खेडे. गहू हिरवा, कणसे नुकती भरू लागलेली. बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या, बोलणे कमी. गावात बाराव्या शतकातले देऊळ, आणि त्याची हातभर लांब लोखंडी किल्ली त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्यास टांगलेली. धर्मगुरूकडे वीस-बावीस गावे. या गावी मिस्सा होतो तो वर्षातून पाच-सहा वेळा. एरवी रविवारी या बाई आणि आणखी तिघी म्हाताऱ्या देवळात बसून जपमाळ ओढतात. छप्पर गावसभेने गेल्या वर्षीच नवे घातले होते.

बुधवारी दुपारी त्या स्वयंपाकघरातील टेबलावर पाच मुले येऊन बसली. हाच तो कायद्याने मोकळा ठेवलेला दिवस. बाईंच्या लहानपणी गावातील तीसएक मुले गुरुवारी धर्मगुरूंपुढे बसत. आता धर्मगुरू नाहीत म्हणून त्या स्वतः शिकवतात. त्या दिवशी त्यांनी उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर एका मुलाने विचारले, आणि थोरला भाऊ शेवटी जेवायला आत गेला की नाही? बाई म्हणाल्या, पुस्तकात ते लिहिलेले नाही. मुलांना बिस्किटे दिली, दूध दिले, पाठांतर घेतले. सगळे मिळून पाऊण तास. त्या पाच मुलांत बाईंचे स्वतःचे नातवंड एकही नव्हते.

त्यांचा थोरला मुलगा जवळच्याच गावी सरकारी शाळेत शिक्षक आहे. तेथे शिक्षकाने गळ्यात क्रूससुद्धा दिसेल असा घालावयाचा नाही. पण त्यास तो जाच वाटत नाही, कारण तो घालीतच नाही. बारा वर्षांचा असताना श्रद्धाकथनाचा सोहळा झाला, पांढरा अंगरखा घातला, पंगत झाली, घड्याळ भेट मिळाले, आणि पुढच्या रविवारपासून त्याने देऊळ सोडले. "कायद्याने माझा मुलगा नेला नाही," बाई पुतण्यामार्फत आम्हांस म्हणाल्या. "आम्हीच पंगत अशी केली की जणू काम संपले." २०२१ च्या त्या अहवालानंतर मुलगा त्यांच्याशी फार कठोर बोलला. त्या काही बोलल्या नाहीत, कारण तो खोटे बोलत नव्हता. रात्रभर रडल्या आणि सकाळी देऊळ उघडले.

आमच्याकडच्या त्या गृहस्थांचा प्रश्न तेव्हा आम्हांस विचारला गेला नव्हता, पण आमच्याही मनात तसलेच काही होते. आम्ही विचारले, मिस्सा नाही, माणसे नाहीत, तर रोज दार कशासाठी उघडता? त्यांनी ओट्यावरचा हात न थांबवता सांगितले, "आठला उघडते, सातला लावते. मध्ये कोण येते ते पाहत बसत नाही. कोणी आलेच तर दार लागलेले नसावे."

त्या संध्याकाळी मुलगा जेवावयास आला. मोकळा, बहुश्रुत, वेदान्ताविषयी नेमके प्रश्न विचारणारा गृहस्थ. देव नाही हे त्याने आम्हांस अगदी नम्रपणे पटवून देण्याचा यत्न केला, आणि त्याच्या युक्तिवादातील दोन मुद्द्यांना आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. सात वाजले होते. बाई देऊळ लावावयास गेल्या. मुलाने टेबलावरचा मोठा वाटोळा पाव उचलला, छातीशी धरला, उलटा केला, आणि कापण्यापूर्वी सुरीच्या टोकाने त्याच्या पाठीवर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली. मग काप काढून आमच्या ताटात ठेवला.

आम्ही पुतण्याकडे पाहिले. पुतण्याने त्यास विचारले की हे काय केलेत? त्याने हातातल्या सुरीकडे पाहिले, पाव उलटा करून पाहिला आणि जरा हसला. म्हणाला, पाव असाच कापतात. न रेखता कापल्याचे मला आठवत नाही. आपल्या मुलीसमोरही असेच कापता काय, असे आम्ही विचारले. त्यावर तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही.

तेवढ्यात दाराशी पावले वाजली. बाईंनी आत येऊन किल्ली खिळ्यास अडकविली, हात धुतले आणि खुर्ची ओढून बसल्या. मुलाने पावाचा पुढचा काप त्यांच्या ताटात ठेवला, आणि आम्हीही तो विषय तेथेच सोडला.